४०७ची मागची बाजू उचलायची आहे: कोणता जॅक, स्टँड कुठे, आणि खाली गट्टू

वाडी_४०७

नमस्कार मंडळी. गाडी टाटा ४०७, सहा टायरची, मागे जोडटायर, साइझ ७.५०-१६. डाला, म्हणजे मागची माल भरायची पेटी, रिकामा आहे. मागचे ब्रेक लायनर बदलायचे आहेत आणि ड्रम निघालेच तर हबचं ग्रीसही बदलायचं आहे. काम घरच्या आवारातच करायचा विचार आहे. गेटपासून निम्म्या आवारात गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवलेले आहेत. पुढे मुरूम टाकलाय आणि मुरमाखाली आपली काळी माती.

जवळ ३ टनी ट्रॉली जॅक आहे, मोठ्या कारसाठी घेतलेला. गाडीसोबतचा बॉटल जॅकही आहे. उचललेली गाडी टेकवायचे स्टँड नाहीत, ते घ्यायचे आहेत.

३ टनी जॅकवर ४०७ उचलली तर चालते का? जॅक मधोमध डिफरन्शियलखाली (मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्याखाली) लावू की एका बाजूला? स्टँड चेसिसला द्यायचे की ॲक्सलला? आणि शेजारचे सांगून राहिले की स्टँडवर पैसे कशाला घालता, सिमेंटचे ठोकळे लावा. त्यांचं ऐकू का?

हबग्रीस

शेजाऱ्यांचं ऐकू नका. सिमेंटचा ठोकळा पेलतो तोवर पेलतो, पण फुटताना आधी काही कळवत नाही. लाकूड करकरतं, चेपतं. लोखंड वाकताना दिसतं. ठोकळ्याची आणि विटेची एका क्षणात गिट्टी होते. शिवाय हाउसिंगची, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या बाहेरच्या कवचाची, नळी गोल असते, ती ठोकळ्यावर एका रेषेतच टेकते. सगळा भार त्या रेषेवर येतो आणि भेग तिथूनच जाते. पोकळ ठोकळा आडवा ठेवला तर विचारूच नका.

आता टनांचं. आरसी काढा, त्यावर रिकाम्या गाडीचं वजन किलोत दिलेलं असतं. समजा ते २,७०० आहे. रिकाम्या गाडीत इंजिन आणि केबिनमुळे पुढे वजन जास्त असतं, तरी हिशेबाला निम्मं मागे धरा, म्हणजे १,३५०. ॲक्सलची एकच बाजू उचलली तर त्याच्या निम्मं, पावणेसातशेच्या आसपास. मधोमध उचललं तर पूर्ण १,३५०. दोन्ही वेळी ३ टनी जॅकला ते जड नाही. डाल्यात माल असेल तर मात्र हा हिशेब मोडला, कारण मालाचा मोठा भार मागच्या ॲक्सलवरच बसतो. ताडपत्री, दोर, साखळदंड, कोपऱ्यात राहिलेली चार पोती, सगळं आधी खाली उतरवा.

लोक टनांचीच काळजी करतात, पण जॅकवरची गाडी पडते ती बहुतेक वेळा सरकल्यामुळे नाहीतर जमीन खचल्यामुळे. जमिनीचं दुसरं कोणी सांगेल, मी सरकण्याचं सांगतो.

तुमचा हँडब्रेक मागच्या चाकांवर आहे. ड्रम ओढायचा तर तो सोडावाच लागतो, नाहीतर शू (लायनर ज्यांच्यावर बसतो ते) ड्रमला धरून बसतात. म्हणजे या कामात हँडब्रेक हिशेबातच धरायचा नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून भागेल असं वाटतं, पण तेही खरं नाही. मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं, आणि जमिनीवरच्या चाकाला लोळायला काहीच आडकाठी राहत नाही. इंजिनचं कॉम्प्रेशन त्याच्यापर्यंत पोचतच नाही. गाडी धरून ठेवणार त्या फक्त पाचरी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून एक आणि मागून एक, अशा चार लावा. मागचं जे चाक जमिनीवर राहील त्यालाही दोन लावा. एकूण सहा.

पाचर टायरच्या उंचीच्या निदान पाव उंच हवी. ७.५०-१६चं टायर ८० सेंमीच्या आसपास भरतं, म्हणजे पाचर २० सेंमीची, चांगली वीतभर. मुठीएवढ्या दगडावर टायर आरामात चढतं. दगड लावायचाच नाही, म्हणजे मग तो अमरावती रोडवर मागे सोडून येण्याचाही प्रश्न नाही. सरळ धाग्याच्या बाभळीचा किंवा साल वृक्षाचा ओंडका सुताराकडून तिरका कापून घ्या. पाचर हातोडीने ठोकून टायरला भिडवा, बोटभरही फट नको.

दोन्ही मागच्या बाजू एकदम उचलायची गरज काय? आधी डावीकडचं काम पूर्ण करा, गाडी खाली घ्या, मग उजवीकडे जा. एक मागचं चाक जमिनीवर राहिलं की गाडी निम्मी निर्धोक. शिवाय शूच्या स्प्रिंगा कशा बसल्या होत्या ते विसरलात तर दुसरी बाजू न उघडलेली असते, तिकडे पाहता येतं. स्प्रिंगांची ठेवण दोन्हीकडे आरशातल्यासारखी उलट असते, एवढं फक्त लक्षात ठेवा.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच, हँडब्रेक ओढून, अर्धा फेरा ढिले करा. जाम नटासाठी पान्याला पाइप घालून ओढता तो जोर सगळा आडवा असतो, आणि स्टँडला नेमका तोच सोसत नाही. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेलं दिसलं तर आटे उलटे आहेत, नट दुसऱ्या दिशेने फिरवा. नट ढिले झाले की पाचरी, मग जॅक, मग स्टँड. हँडब्रेक सगळ्यात शेवटी सोडायचा.

जॅक आणि स्टँड दोन्ही ॲक्सललाच द्या. चेसिसला दिले तर कमानी (पाट्यांच्या स्प्रिंगा) मोकळ्या होऊन ॲक्सल खाली लोंबतो, आणि चाक जमिनीवरून सुटेपर्यंत चेसिस कितीतरी जास्त उचलावा लागतो. जितकी उंची जास्त तितकी डोलण्याची भीती जास्त. कमानीचे पाटे किंवा शॅकल (कमान चेसिसला जोडणारी कडी) काढायचे असतील तेव्हाच चेसिसला आधार द्यायचा.

जॅक कमानीखालच्या प्लेटवर येऊ द्या. त्या प्लेटमधून यू-बोल्टची टोकं खाली आलेली असतात. टोकांवर जॅक लावला तर आटे चेपतात आणि जॅकचं डोकं त्यांच्यावर डुलतं. चार नटांच्या मधल्या सपाट जागेत डोकं बसलं पाहिजे. स्टँड त्याच्या आतल्या बाजूला, हाउसिंगच्या नळीखाली, कमानीला जितका जवळ जाईल तितका. आधी खाली झोपून ब्रेकचा बारीक लोखंडी पाइप आणि हँडब्रेकची केबल नळीवरून कुठून गेली ते पाहा. स्टँडच्या खोबणीत तो पाइप सापडला तर लायनरच्या कामात पाइपाचंही काम वाढतं.

कमानपट्टा

हबग्रीस भाऊंशी बहुतेक सहमत. पण ट्रॉली जॅक आहे तर मधोमध लावायला काय हरकत? मागून आत ढकलला की वाटी (जॅकचं गाडीला टेकणारं डोकं) थेट डिफरन्शियलच्या गोळ्याखाली येते. ॲक्सल एकसारखा वर येतो, दोन्हीकडची नळी मोकळी राहते, आणि दोन्ही स्टँड एकदम, सारख्याच दातावर (उंचीच्या खाचेवर) बसतात. एका बाजूने उचलून मग दुसरी बाजू उचलली तर पहिल्या स्टँडवर नळी तिरकी फिरते, त्याचं काय?

हबग्रीस

दोन्ही बाजू एकदम हव्या असतील तर तुमचा मुद्दा बरोबर आहे. तेव्हा दोन्ही बाजू टप्प्याटप्प्याने न्याव्या लागतात. आधी डावी ५ सेंमी, मग उजवी ५, परत डावी. पण इथे एकच बाजू उचलायची आहे.

मधोमध लावायचंच असेल तर तीन गोष्टी पाहा. गोळ्याच्या तळाशी तेल काढायचा बोल्ट असतो, वाटी त्याच्यावर आली तर भार बोल्टच्या डोक्यावर जातो. मागचं फुगीर झाकण पत्र्याचं असतं, त्याला दाब सोसत नाही. आणि पुढे प्रोपेलर शाफ्टकडे (इंजिनची ताकद मागे आणणाऱ्या दांड्याकडे) निघालेल्या नाकाखाली तर जॅक कधीच नाही, तिथे ॲक्सल गोल फिरतो आणि वाटी निसटते. एवढं सगळं टाळून सपाट, जाड जागा उरली तर लावा. तरी गाडी एका बिंदूवर तोललेली राहते आणि दोन्ही बाजूंना कलू शकते. स्टँड बसेपर्यंत चाकापाशी हात नको.

कमानपट्टा

मान्य. मग ट्रॉली जॅकबद्दल एक मी जोडतो. त्याची चाकं मोकळी फिरली पाहिजेत. दांडा वर जाताना वाटी सरळ वर जात नाही, गोलाईत फिरून हँडलकडे येते. गाडी पाचरींनी जागेवर बांधलेली असते, म्हणून जॅकलाच गाडीखाली आत सरकावं लागतं. जॅकची चाकं गट्टूच्या फटीत अडकली, मुरमात रुतली किंवा कोणी प्रेमाने त्यांनाच लाकडी तुकडा लावून ठेवला, तर जॅक सरकत नाही. मग गाडी हँडलकडे ओढली जाते नाहीतर वाटी जागा सोडते. बॉटल जॅक सरळ वर जातो, त्याला हा त्रास नाही. पण त्याचा तळ जेमतेम वीतभरही नसतो, त्यामुळे तो जमिनीत घुसतो.

कापसी_बायपास

जमिनीचं मी सांगतो.

स्टँडला चार पाय. एका पायाचा जमिनीला टेकणारा भाग साधारण ५ बाय ५ सेंमी धरा, म्हणजे २५ चौरस सेंमी. चारांचे मिळून १००. त्यावर ७०० किलो आले तर दर चौरस सेंमीला ७ किलो. गट्टू स्वतः त्याने फुटत नाही, पण गट्टूखाली फक्त वाळूचा थर असतो. पाय दोन गट्टूंच्या सांध्यावर आला की एक गट्टू खाली जातो, शेजारचा वर येतो आणि स्टँड तिरका होतो. तोच स्टँड ३० बाय ३० सेंमीच्या लोखंडी प्लेटवर ठेवला तर भार ९०० चौरस सेंमीवर पसरतो, म्हणजे दर चौरस सेंमीला पाऊण किलोच्या जरा वर. फरक जवळपास नऊ पटींचा.

प्लेट १० ते १२ मिमी जाड हवी. ३ मिमीचा पत्रा भाराखाली बशीसारखा वाकतो, मग भार मधेच साचतो आणि पत्रा असून नसल्यासारखा. हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्यांकडे कापून उरलेले तुकडे मिळतात. स्टँडला ३० सेंमीचा चौरस आणि बॉटल जॅकला निदान २५चा, असे दोन तुकडे घ्या. कडा घासून घ्यायला सांगा, नाहीतर बोटं कापतात. प्लेटखाली १८ मिमीचा प्लायवूड टाकला तर गट्टूंची बारीक उंचसखलता तो पोटात घेतो आणि प्लेट डगडगत नाही.

मुरमाच्या भागात हे काम करू नका. वरून टणक दिसतो, पण खालची काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली आणि पावसाळ्यात लोण्यासारखी. दोन्ही वेळा दगा देते. डांबरी रस्त्यावर करू म्हणाल तर एप्रिल-मेच्या दुपारी नागपूरचं डांबर इतकं मऊ होतं की मोटरसायकलचा साइड स्टँडही आत जातो. तिथे प्लेट असली तरी सकाळी लवकरच काम करा.

गट्टूच्या भागात जागा निवडतानाही खाली काय आहे ते आठवा. सेप्टिक टँकची स्लॅब, नळाचं चेंबर, सांडपाण्याची पाइपलाइन, यांच्यावर जॅक नको. गेटजवळ पाणी बाहेर जावं म्हणून उतार दिलेला असतो. तांब्याभर पाणी ओता. ते धावत एका दिशेला गेलं तर गाडी तिथून हलवा. जागीच पसरलं तर तिथे काम होते.

रिंगपाना

जॅक तपासल्याशिवाय वापरू नका. गाडीची बाजू टायर जेमतेम सुटेल इतकी उचला, जॅकच्या पिस्टनवर खडूने खूण करा आणि दहा मिनिटं लांब उभे राहा. खूण खाली गेली तर सील किंवा व्हॉल्व्ह गळून राहिला. तो जॅक उचलायलाही वापरायचा नाही, कारण स्टँड सरकवता सरकवता तो बसतो. हँडल मारताना स्पंजासारखं लागत असेल तर तेलात हवा आहे. भार नसताना व्हॉल्व्ह उघडा ठेवून हँडल दहा-बारा वेळा पूर्ण मारा, मग पिस्टन खाली असताना तेलाची पातळी पाहा. तेल हायड्रॉलिक जॅकचंच भरायचं. लायनरच्या कामात ब्रेक ऑइलची बाटली शेजारीच उघडी असते, तेच जॅकमध्ये ओतायचा मोह होतो. ब्रेक ऑइलने जॅकची सीलं फुगतात आणि जॅक कायमचा जातो.

बॉटल जॅकच्या डोक्यावरचा स्क्रू पूर्ण बाहेर काढून उंची मिळवू नका. उंची कमी पडली तर जॅकखालची प्लेट आणि लाकूड वाढवा.

स्टँडबद्दल. डब्यावर ३ टन लिहिलेलं असतं ते एका स्टँडचं की जोडीचं, ते नीट वाचून घ्या. खूप ठिकाणी ते जोडीचं असतं. दाताचा घेतला तर खटका दातात पूर्ण तळापर्यंत बसतो का ते दुकानातच पाहा. खांब वर ओढा, खटका बसवा, वरून हाताने दाबा आणि खांब हलवून पाहा. अर्धवट बसलेला खटका गाडी जरा हलली की सुटतो. २०२० साली अमेरिकेत एका दुकानसाखळीला याच दोषापायी ३ आणि ६ टनी स्टँड लाखोंनी परत मागवावे लागले, आणि बदली दिलेल्यांतल्या काहींच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला. म्हणून खटक्याशिवाय आरपार जाणारी पिनही असलेला स्टँड मिळाला तर तो घ्या. पिन हरवली तर सळईचा तुकडा घालून भागवू नका, स्टँडसोबत आलेलीच पिन वापरा.

गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून अँगलचे बनवून घेणार असाल तर पायांना खालून गोल पट्टी जोडलेली हवी. जोड पूर्ण फिरवून वेल्ड केलेला हवा, चार ठिकाणी टाचलेला नको.

वाडी_४०७

सगळ्यांचे आभार. आज मापं घेतली. हवा बरोबर असताना हाउसिंगची नळी जमिनीपासून ३३ सेंमी, कमानीखालच्या प्लेटची मधली जागा २९. बॉटल जॅक पूर्ण बसलेला २३ आणि त्याच्यावर ५ टन लिहिलं आहे. दुकानात दोन प्रकारचे स्टँड पाहिले: ३ टनी, २९ ते ४३ सेंमी, आणि ६ टनी, ३९ ते ६० सेंमी. ६ टनी घेतला तर खूप उचलावं लागेल का? ट्रॉली जॅक कमानीखाली लावून पाहिला, पण तो इतका रुंद आहे की शेजारी स्टँड जातच नाही.

हबग्रीस

ट्रॉली जॅक शेजारी जात नाही हे अपेक्षितच होतं. बॉटल जॅकनेच उचला.

मापं छान घेतलीत. टायर भाराखाली जरा बसलेलं असतं, त्यामुळे ॲक्सल पहिले दोन-अडीच सेंमी वर जाईपर्यंत टायर जमीन सोडतच नाही. जोडटायर बाहेर ओढायला खाली ३-४ सेंमी मोकळे हवेत. म्हणजे एकूण ६-७ सेंमी तरी उचलावं लागणारच, नळी ४० सेंमीवर जाणार. ६ टनी स्टँड सगळ्यात खालच्या दातावर ३९, त्याखाली प्लेट आणि प्लायवूड मिळून ३, झाले ४२. स्टँड आत सरकवायला आणखी एक धरा, ४३. म्हणजे १० सेंमी उचलायचं. जॅक त्याच्या प्लेट-प्लायवूडसह २६ होतो. वर ३ सेंमी गेल्यावर टेकतो आणि पुढे १० जातो. साध्या बॉटल जॅकच्या पिस्टनमध्ये हे बसतं, तरी रिकामा जॅक मारून त्याची धाव आधी मोजा.

३ टनी स्टँडने ३ सेंमी कमी उचलावं लागलं असतं, पण त्याचा खांब निम्मा तरी बाहेर काढावा लागतो आणि तळ अरुंद असतो. ६ टनी खालच्या दातावर बसलेला, रुंद पायांचा, जास्त निवांत उभा राहतो. माझा कौल ६ टनीला. घ्या मात्र जोडी, दुसरा लागतोच.

उचलताना दर तीन-चार सेंमीला थांबा. पाचरी सुटल्या का, प्लेट तिरकी झाली का, जॅकचा खांब सरळ उभा आहे का, हे लांबून, खाली वाकून पाहा. जरा जरी तिरका दिसला तरी खाली घ्या आणि परत बसवा. वर असताना जॅकला हातोडीने ठोकून सरळ करायचा नाही. ग्रीस लागलेल्या नळीवर लोखंडाला लोखंड घसरतं, म्हणून नळी जिथे टेकणार ती जागा आधी कापडाने कोरडी पुसून घ्या.

स्टँड बसवल्यावर जॅक हळूच सोडून भार स्टँडवर येऊ द्या, मग जॅक परत नुसता टेकेल इतका वर आणून तिथेच ठेवा. आता, चाकं काढायच्या आधी, डाल्याच्या कोपऱ्याला दोन्ही हातांनी जोरात हलवा. डोलायचं असेल तर गाडी आत्ताच डोलू दे. काढलेली दोन्ही चाकं आडवी करून एकावर एक चेसिसखाली सरकवा. या टायरची जाडी वीतभर, म्हणजे दोन मिळून ४० सेंमीच्या आसपास. सगळं चुकलंच तर गाडी चाकांवर टेकेल, माणसावर नाही. चाक चांगलं जड असतं, एकट्याने उचलू नका, लोळवत न्या.

ड्रम काढल्यावर लायनरची भुकटी कॉम्प्रेसरने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

रिंगपाना

एक राहिलं. ट्रॉली जॅक घरात ठेवू नका, गाडीजवळ हाताशी ठेवा. घरातल्या एकाला तो वर-खाली कसा करायचा ते आधी शिकवा, आणि काम चालू असेपर्यंत त्याने हाकेच्या अंतरावर बसायचं. काही झालंच तर गाडी उचलायला दुसरा जॅक आणि दुसरा माणूस लागतो. रुग्णवाहिकेचा १०८ नंतर येतो.

वाडी_४०७

उतरवताना काही वेगळं? आणि मागचं झालं की पुढच्या चाकांचंही ग्रीस करून टाकावं म्हणतो, गाडी चारही स्टँडवर एकदम घेऊ का?

कमानपट्टा

उतरवताना गाडीखाली ठेवलेली चाकं बाहेर काढून चढवा, नट हाताने बसतील तितके बसवा आणि पान्याने समोरासमोरच्या क्रमाने साधारण आवळा. जोडटायरच्या दोन रिममध्ये खडा, माती, सुटलेला रंग राहू देऊ नका, नाहीतर चार दिवसांत नट ढिले. हँडब्रेक ओढा. गाडीखालचे पाने, दिवा सगळं बाहेर काढा. जॅकने स्टँडवरचा भार काढा, म्हणजे सेंमीभर वर, स्टँड बाहेर ओढा, मग व्हॉल्व्ह पाव फेरा उघडा. एकदम उघडला तर गाडी आदळते आणि बॉटल जॅक तिरका होऊन अडकतो. शेवटचं आवळणं जमिनीवर, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. ५० ते १०० किमी चालवल्यावर परत एकदा. पाचरी सगळ्यात शेवटी काढा.

चारही एकदम नको. चारही चाकं हवेत गेली की पाचरीला धरायला काही उरतच नाही, गाडी नुसती चार खांबांवर उभी राहते. पुढचं वेगळं करा. तेव्हा मागची सगळी चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांना पाचरी. मागचं एकही चाक हवेत नसल्यामुळे पहिल्या गिअरचाही तेव्हा खराच उपयोग होतो.

पुढचा ॲक्सल घडीव आय बीम आहे. जॅक कमानीच्या बैठकीखाली आणि स्टँड त्याच्या शेजारी, बीमच्या सपाट भागात. टोकाकडे बीम वर वळतो, त्या उतारावर स्टँड ठेवला तर घसरतो. स्टँडच्या खोबणीत जुन्या टायरचा बोटभर जाड तुकडा ठेवला तर पकड चांगली बसते. आणि एक चाक वर असताना स्टिअरिंग फिरवून पाहायचा मोह आवरा. जमिनीवरचं चाकही सोबत वळतं आणि बीम स्टँडवर सरकतो. किंग पिनचा (पुढचं चाक जिच्यावर वळतं त्या खिळीचा) ढिलेपणा पाहायचा असेल तर स्टिअरिंग सरळ ठेवून चाक वर-खाली धरून हलवा.

कापसी_बायपास

हे सगळं ४०७सारख्या हायड्रॉलिक ब्रेकच्या गाडीचं झालं. मोठ्या, एअर ब्रेकच्या गाडीवाल्यांनी वाचलं तर एक लक्षात ठेवा. मागच्या ब्रेक चेंबरमध्ये दाबून बसवलेली जबर स्प्रिंग असते. ती आधी तिच्या बोल्टने आवळून बांधल्याशिवाय चेंबरची पट्टी खोलायची नाही.

वाडी_४०७, पाचरी सहा सांगितल्या आहेत, चार नाही. सुताराला एकदमच सांगा.

वाडी_४०७

सहाच सांगितल्या, २० सेंमीच्या, सालाच्या. ६ टनी जोडी घेतो. १२ मिमीच्या प्लेटचे दोन तुकडे उद्या आणतो, एक ३०चा आणि एक २५चा. पाणी ओतून पाहिलं तर गेटजवळचं धावलं, पण आतल्या भिंतीजवळचं जागीच राहिलं. गाडी तिकडेच उभी करतो.